मौनाची नोंद

राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीला आमच्या वसईजवळच्या निर्मळमध्ये ठरलेले दोन प्रश्न विचारतात. "एमपीएससीला बसणार ना?" हा पहिला. दुसरा जरा हळू आवाजात, "मग उभी कधी राहतेस?" दोन्हींना नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. मी आंतरराष्ट्रीय राजकारण, आंतरराष्ट्रीय कायदा आणि राजकीय विचार शिकते असं सांगितल्यावर काका म्हणाले होते, "म्हणजे अमेरिका-रशियाचं. आपल्या वाडीला त्याचा काय उपयोग?" प्रश्नात कुजकेपणा नव्हता. विहिरीचं पाणी कधी खारट होईल, दादरला फुलाला भाव काय मिळेल, जमिनीवर कुठलं आरक्षण पडेल, हे ज्याला रोज पाहावं लागतं त्याचा तो रास्त प्रश्न होता. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की आंतरराष्ट्रीय म्हणून जे काही असतं ते इथून लांब कुठेतरी घडतं.

अभ्यासक्रमही तसंच गृहीत धरतो. बहुतेक पाठ्यपुस्तकं १६४८ सालापासून सुरू होतात. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपलं, वेस्टफालियाचे तह झाले आणि सार्वभौम राज्यांची व्यवस्था जन्माला आली, असा पहिला धडा. मग दोन महायुद्धं, संयुक्त राष्ट्रं, शीतयुद्ध. या सगळ्यात आपण येतो ते १९४७ नंतर, तेही अलिप्ततावादाच्या प्रकरणात. वसईच्या पोरांना मात्र या मांडणीत एक अडचण जाणवायला हवी. वेस्टफालियाच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १५३४ साली, गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला होता आणि त्या तहानं वसईचा सगळा मुलूख पोर्तुगालच्या राजाकडे गेला होता. म्हणजे ज्या गोष्टीचा इतिहास आम्ही युरोपच्या नकाशावर गिरवत होतो, ती आमच्या अंगणात आधीच होऊन गेली होती.

हे मला पुस्तकाच्या आधी लोकल गाडीनं शिकवलं. नालासोपाऱ्याहून सकाळची गाडी, अंधेरीला उतरून स्लो गाडीनं सांताक्रूझ आणि तिथून कलिन्याला विद्यापीठात. नायगाव सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते. मालडब्यात भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या, बायकांच्या डब्यात कुणाची पोथी, कुणाची वेणीफणी, आणि खाली पाणी. १७८२ साली मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला तेव्हा इंग्रजांनी जिंकलेली वसई मराठ्यांना परत मिळाली, खाडीपलीकडची साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. पुढची पस्तीसेक वर्षं, पेशवाई बुडेपर्यंत, ही खाडी दोन सत्तांमधली सरहद्द होती. भाईंदर परमुलखात, नायगाव आपल्या मुलखात. आज त्या सरहद्दीवरून हजारो माणसं दरवाजाला लोंबकळत जातात आणि त्यांचं लक्ष असतं ते बोरिवलीला कोण उठणार याकडे. मीही त्यातलीच होते. पण एकदा हे वाचल्यावर पुलावर डोकं वर व्हायचंच.

माझा विभाग, मुंबई विद्यापीठाचा 'सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स', १९४८ सालचा. चले जाव चळवळीत मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता पुढे याच विभागाच्या प्रमुख होत्या. ज्या काळात सरकारविरुद्ध बोलणं हाच गुन्हा होता त्या काळात जिनं आवाज हवेवर सोडला, ती बाई नंतर वर्गात उभी राहून राज्यसंस्था म्हणजे काय हे शिकवत होती. तेव्हा ही माहिती मी एक अभिमानाची गोष्ट म्हणून लक्षात ठेवली. विषयाशी तिचा खरा संबंध नंतर कळला.

आधी समुद्राचं सांगते. १५३४ च्या तहात नुसती जमीन दिलेली नव्हती. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला यायचं, पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, परतीच्या वाटेवर पुन्हा वसईला येऊन जकात भरायची, अशी अट होती. सुलतानानं आपल्या बंदरांत लढाऊ जहाजं बांधायची नाहीत, अशीही होती. हुमायूनची स्वारी तोंडावर आलेली, त्यामुळे सुलतानाला घासाघीस करायला फारशी जागा नव्हती. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसलेलं जहाज समुद्रात सापडलं तर ते माल आणि माणसांसकट जप्त. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून आपल्याच समुद्रात जायला परक्याची चिठ्ठी घ्यायची, आणि ती देणारी कचेरी आपल्या गावापासून दोन-अडीच तासांच्या पायवाटेवर.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला ह्यूगो ग्रोशियस येतो. डचांनी १६०३ साली सिंगापूरजवळ 'सांता कॅटरिना' हे मालानं खच्चून भरलेलं पोर्तुगीज जहाज पकडलं. ही चाचेगिरी नाही, हे पटवून द्यायला डच ईस्ट इंडिया कंपनीनं या तरुण वकिलाला लेखणी हाती घ्यायला लावली. त्यातून १६०९ साली 'मारे लिबेरुम' हे पुस्तक बाहेर आलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो, पोपनं वाटून दिला म्हणून तो पोर्तुगीजांचा होत नाही, आणि पूर्वेकडच्या लोकांचे स्वतःचे राजे व कायदे आहेत, असं त्यात ठणकावलेलं आहे. वाचताना मला वसईचा माणूस म्हणून बरं वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात कळलं की चार वर्षांनी, १६१३ साली, लंडनच्या वाटाघाटींत याच ग्रोशियसनं मसाल्याच्या बेटांवरच्या डच मक्तेदारीची वकिली केली, आणि इंग्रजांनी त्याच्यावर त्याचंच पुस्तक उलटवलं.

यावर वर्गात एकच हशा पिकला. माझ्या मनात मात्र वेगळंच काही राहिलं. या अख्ख्या वादात पोर्तुगीज बोलतात, डच बोलतात, इंग्रज बोलतात. कार्ताझ घेऊन जाणारा सोपाऱ्याचा किंवा आगाशीचा नाखवा कुठेच बोलत नाही. त्याच्या बाजूनंही दुसरंच कुणी बोलतं, आणि तेही स्वतःच्या सोयीपुरतं. चार्ल्स अलेक्झांड्रोविच नावाचे कायदेपंडित मद्रास विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी १९६७ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की सोळाव्या-सतराव्या शतकात आशियातल्या राजांशी युरोपीयांनी केलेले तह बरोबरीच्या नात्यानं केलेले होते, आणि पूर्वेकडच्या राज्यांना या कायद्याच्या पंगतीतून उठवलं गेलं ते नंतर, एकोणिसाव्या शतकात. हे वाचून वसईचा दुसरा प्रसिद्ध तह वेगळा दिसायला लागतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इथेच सही केली. सहा हजारांची इंग्रजी तैनाती फौज, तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणं करायचं नाही. शाळेत हा तह पाठ करताना मला वाटायचं की आमच्या गावचं नाव इतिहासात आलं. कागदावर बघितलं तर नाव फक्त सही कुठे झाली त्या जागेचं आहे. होळकरांच्या धाकानं पुण्याहून पळालेला पेशवा आसऱ्याला आला म्हणून तो वसईचा तह, एवढंच.

या विषयाचं मर्म मला ज्या कागदात सापडलं तो कागद मात्र वसईचा नाही. तो आमच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेच्या कुंपणापलीकडचा आहे, दादरा-नगर हवेलीचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ही ठाणी पोर्तुगीजांच्या हातून सोडवली. त्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, गोमंतकीय तरुण होते. वारली पट्ट्यात पाय रोवून असलेले कम्युनिस्टही होते. एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दमणहून आमच्या या प्रदेशांत जायला भारत वाट देत नाही, अशी तक्रार. भारताच्या बाजूनं मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारतानं नेमलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला.

तो निकाल मी कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात वाचला. न्यायालयाच्या या खंडांत डावीकडच्या पानावर फ्रेंच असतं आणि समोर उजवीकडे तोच मजकूर इंग्रजीत. त्या दोन परक्या भाषांच्या मधोमध अचानक जहागीर, सरंजाम, सनद असे आपल्या दप्तरातले शब्द तिरप्या टायपात भेटायला लागले. आमच्या अंगणात गप्पांना बसलेला माणूस एकदम परदेशी सभेत बोलताना दिसावा तसं झालं. प्रकरण असं होतं. १७७९ साली, इंग्रजांशी लढाई चालू असताना, पोर्तुगीजांचं सख्य टिकावं म्हणून पुणे दरबारानं त्यांच्याशी तह केला आणि दमणच्या बाजूची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. मग १७८३ आणि १७८५ च्या सनदा झाल्या. पोर्तुगाल म्हणत होता की यातून आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व मिळालं. न्यायालयानं ते मानलं नाही. मराठ्यांना जेव्हा मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तसं स्पष्ट लिहीत. इथे तसं लिहिलेलं नाही. दिला तो फक्त महसूल, असं न्यायालय म्हणालं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं नेमकेपणानं लिहिलं होतं, ते हेगमध्ये कामाला आलं.

इथवर वाचून मी खुशीत होते. पण पुढचा परिच्छेद वेगळा आहे. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं हे खरं. तरीही इंग्रज या भागात आले तेव्हा त्यांनी पोर्तुगीजांचा ताबा पाहिला, त्याला हरकत घेतली नाही, गावांवर स्वतःचा हक्क सांगितला नाही. पुढे स्वतंत्र भारतानंही सुरुवातीला तेच चालू दिलं. म्हणून पोर्तुगीजांची सत्ता मान्य झाली, असं न्यायालयानं ठरवलं. सवा शतकाचा वहिवाटीचा पुरावा तपासून निकाल असा आला की १९५४ मध्ये पोर्तुगालला खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरती वाट होती. सैन्य, पोलीस आणि शस्त्रं नेण्याची नव्हती. आणि भारतानं वाट अडवून कायदा मोडला असं होत नाही. सैन्याच्या मुद्द्यावर मतं पडली आठ विरुद्ध सात. एका मताचा फरक.

भारताच्या दृष्टीनं चांगला निकाल. माझ्या डोक्यात मात्र ते मधलं वाक्य घर करून बसलं. जे कुणी दिलं नव्हतं ते कुणी हरकत घेतली नाही म्हणून मिळालं. मौनं संमतिलक्षणम् हे आपण लग्नकार्यात हसत म्हणतो. कायदा ते गंभीरपणे म्हणतो, आणि त्यावर गावंच्या गावं इकडची तिकडे होतात. त्यातही हे मौन इंग्रजांचं होतं, दिल्लीचं होतं. त्या जंगलपट्टीतल्या वारली, धोडिया, कोकणा माणसांचं मौनसुद्धा कुणी मोजलं नाही. १७७९ मध्ये ती माणसं बारा हजार रुपये उत्पन्नाचा भाग होती आणि १९६० मध्ये दोन राज्यांमधल्या वाटेच्या तंट्याची पार्श्वभूमी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं वसाहतींतल्या लोकांच्या स्वयंनिर्णयाचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला. एप्रिलच्या निकालात जे लोक नव्हते ते डिसेंबरच्या ठरावात आले, निदान शब्दांत तरी. आणि १९६१ मध्ये तिथल्या वरिष्ठ पंचायतीनं भारतात यायचा ठराव केल्यावर विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कायदेशीर अधिकारी हवा म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं त्या प्रदेशाचं प्रमुख केलं गेलं. सात वर्षं मोकळ्या असलेल्या मुलखाला आपली इच्छा कायद्याच्या भाषेत सांगायला एक दिवसाचा राजा लागला. हे ऐकून हसू येतं. पण सही कुणाची चालते आणि कुणाची चालत नाही, हाच तर आमच्या विषयाचा गाभा आहे.

राजकीय विचारांच्या पेपरात जॉन लॉक याच अडचणीशी झटताना दिसतो. राज्य संमतीवर उभं असतं, असं त्यानं एकदा म्हटलं आणि मग तो पेचात सापडला, कारण संमती दिल्याचं तर कुणालाच आठवत नाही. म्हणून त्यानं मूक संमतीची सोय केली. तुमची त्या देशात जमीन असेल, एवढंच काय, त्याच्या रस्त्यावरून तुम्ही नुसते चालत असाल, तरी तुम्ही त्या राज्याला संमती दिलीत. परीक्षेत हे मी नीट लिहिलं. पण निर्मळच्या तलावाच्या काठानं चालणाऱ्या माणसाला हे लावून बघा. त्याच्या पूर्वजांनी सुलतानाला, पोर्तुगालच्या राजाला, पेशव्याला, गोडार्डच्या इंग्रजी फौजेला, पुन्हा पेशव्याला आणि मग कंपनीला संमती दिली, त्याच रस्त्यावरून, केळीचा घड खांद्यावर घेऊन, चालता चालता.

मौन असं संमती ठरत असेल, तर उषा मेहतांनी आवाज हवेवर सोडण्याचा या विषयाशी काय संबंध, ते मला इथे कळलं. कुणी बोललं तर काय होतं, याचाही दाखला इथलाच आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा कोट जेर केला. शरणागतीच्या अटी ठरल्या तेव्हा हरलेल्या किल्लेदारानं फक्त स्वतःच्या शिबंदीपुरतं मागितलं नाही. फौजेनं हत्यारांसह, निशाणं फडकावत बाहेर पडावं हे मागितलंच. शिवाय जे मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळता यावा आणि काही चर्चं राखावीत हेही लिहून घेतलं. जिंकणाऱ्यांनी ते मान्य केलं. पोर्तुगीज अमलात इथली देवळं पडली होती. मराठी अमलात ती पुन्हा उभी राहिली आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वाडीही इथेच राहिली. आज निर्मळमध्ये तलावाकाठी शंकराचार्यांची समाधी आहे आणि जवळच होली क्रॉस चर्चही आहे. कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते तेव्हा दोन्हीकडची माणसं तिच्यात खरेदी करताना दिसतात. आम्ही याला सर्रास गुण्यागोविंदानं राहणं म्हणतो आणि मोकळे होतो. त्याच्या मुळाशी लोकांचा समंजसपणा आहेच. पण कुणीतरी हरतानाही मागे राहणाऱ्यांसाठी मागणी केली, ती कागदावर आली, हेही त्याच्या मुळाशी आहे.

आमच्या पिढीला हा धडा तहांच्या नव्हे तर आराखड्यांच्या रूपानं भेटला. १९९० मध्ये सिडको वसई-विरारचं नियोजन प्राधिकरण झाली, त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं वाड्या, विहिरी आणि मोकळी जमीन वाचवायला माणसं रस्त्यावर आणली. २००९ मध्ये महापालिका झाली आणि गावं तिच्यात घ्यायची की नाही यावरून पुन्हा रान पेटलं. २०११ साली २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. गाव कुणाच्या सत्तेखाली असावं आणि ते कुणी ठरवावं, हा प्रश्न हेगचा होता तसाच आमच्या ग्रामसभेचाही निघाला. फक्त इथे न्यायाधीशांच्या डोक्यावर पंखा होता आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

अशा सभांना मी जाते. लोक फार चांगलं बोलतात, तळमळीनं बोलतात, कधी आईमाईवरही येतात. सभा संपते, चहा होतो, आणि त्या सगळ्या बोलण्यातलं कागदावर काहीच नसतं. कायद्यानं हरकती आणि सूचनांना ठरावीक मुदत ठेवलेली असते. ती मुदत टळली की फाइलवर आमच्या गावाचं मौन नोंदलं जातं, आणि मौनाचा अर्थ काय लावतात ते मी हेगच्या निकालातल्या त्या उजवीकडच्या पानावर वाचलेलं आहे. म्हणून माझं काम ठरून गेलं आहे. अर्ज लिहायचा, सर्व्हे नंबर घालायचा, हरकत कशाला आहे ते एका वाक्यात सांगायचं, सह्या घ्यायच्या, दोन प्रती काढायच्या, आणि कचेरीत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

शेजारच्या मावशी परवा सही करताना म्हणाल्या, "अगं, असल्या कागदांनी काय होतंय? त्यांना करायचं तेच ते करणार." कदाचित तसंच होईल. आठ विरुद्ध सातच्या निकालात सात जण हरतातच. पण मावशींना मी हेगची गोष्ट सांगितली, दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची आणि सवा शतक गप्प बसलेल्या सरकारची. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि सही केली. वर शेजारच्या तिघींना हाक मारून बोलावलं. त्या अर्जानं आरक्षण उठेल की नाही ते माहीत नाही. मात्र उद्या कुणी ती फाइल उघडली तर "कुणाचीही हरकत आली नाही" हे वाक्य त्याला तिच्यात लिहिता येणार नाही.